आधी ट्रान्सफॉर्मर बघा, मग व्हॉल्व्ह घ्या

गेल्या पावसाळ्यात चिंचपोकळीचा एक मुलगा टॅक्सीत व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांवर, चालणारा अ‍ॅम्प्लिफायर घालून माझ्याकडे आला. आमच्या गिरगावातल्या चाळीला लिफ्ट नाही. वीस किलोचं लोखंड आणि तांबं त्यानं तिसऱ्या मजल्यापर्यंत एकट्यानं आणलं, टेबलावर ठेवलं आणि घाम पुसत म्हणाला, "काकू, नवे व्हॉल्व्ह घातल्यापासून वास येतोय." तो वास मला तोवर आलाच होता, तापलेल्या वार्निशचा. पंधरा मिनिटं चालवून मेन्स (घरातली वीज घेणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला, तर दोन सेकंदही ठेववेना.

अ‍ॅम्प्लिफायर ६एल६जीसी जातीच्या चार व्हॉल्व्हसाठी बांधलेला, आणि त्यात चार केटी८८ बसवलेले. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "सॉकेट तेच, पिना त्याच, आरामात बसतील." बसलेही. पण ६एल६जीसीचा हीटर, म्हणजे व्हॉल्व्हला आतून तापवणारी तार, ०.९ अँपिअर घेतो आणि केटी८८चा १.६. म्हणजे चार व्हॉल्व्हना जिथे ३.६ अँपिअर पुरत होते, तिथे ६.४ लागायला लागले. ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वाइंडिंगला हे कुणी विचारलंच नव्हतं.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ठाकुरद्वारला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी तिथेच शिकले. व्हॉल्व्ह विकत घ्यायचा तो अ‍ॅम्प्लिफायर उलटा करून, आतलं पाहून झाल्यावर, हा त्यांचा नियम. हाय-फाय अ‍ॅम्प्लिफायरला पॉवर व्हॉल्व्ह निवडताना मी आजही त्याच क्रमानं जाते, आणि तोच क्रम इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी जिवाची गोष्ट. या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात चारशे-साडेचारशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहतो. दहा किलोओहम, दहा वॅटचा एक रेझिस्टर घ्या, त्याला जाड आवरणाची वायर आणि दोन क्लिपा लावा, आणि प्रत्येक वेळी मुख्य कपॅसिटर त्यातून रिकामा करून मीटरनं शून्य बघा. चालू अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मोजताना मीटरची काळी क्लिप चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, लावून ठेवायची, लाल प्रोब उजव्या हातात आणि डावा हात पाठीमागे. अण्णा माझा डावा हात साडीच्या पदरात गुंडाळायला लावायचे. तेव्हा मला त्याचा राग यायचा, आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी तेच करायला लावते. आणि स्पीकर किंवा लोड रेझिस्टर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल कधीही द्यायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यानं जातो, आणि तो पुन्हा गुंडाळून देणारी माणसं मुंबईत फार उरलेली नाहीत.

आता हीटर. ऑक्टल (आठ पिनी) सॉकेटच्या २ आणि ७ नंबरच्या पिनांवर एसी मोजा. ६.३ व्होल्ट हवेत, दहा टक्के इकडेतिकडे चालतात. मुंबईत इथे एक वेगळीच अडचण येते. माझ्या घरी रात्री दहानंतर मेन्स २४० व्होल्टला जातो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा प्रायमरी (ट्रान्सफॉर्मरचं वीज घेणारं वाइंडिंग) २२० व्होल्टचा असेल, तर ६.३चे ६.८७ होतात, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. व्हॉल्व्ह चालतो, पण त्याचं आयुष्य कमी होतं आणि एचटीही (प्लेटला जाणारा मोठा डीसी व्होल्टेज) तेवढीच वर चढलेली असते. ट्रान्सफॉर्मरला २४०चा टॅप असेल तर तो वापरा. नसेल तर हीटरच्या दोन्ही वायरींत प्रत्येकी ०.१ ओहम, पाच वॅटचा रेझिस्टर घाला. दोन ईएल३४ मिळून ३ अँपिअर घेतात, म्हणजे ०.६ व्होल्ट उतरतात आणि काटा ६.२७ला येतो. थोडक्या पैशांचं काम आहे, पण त्यानं एचटी उतरत नाही, ती वेगळी बघावी लागते.

हीटरचा हिशेब व्हॉल्व्ह बदलतानाही करायचा. ईएल३४ला १.५ अँपिअर, केटी८८ आणि ६५५०ला १.६, केटी६६ला सुमारे १.३, ६एल६जीसी आणि ५८८१ला ०.९, ६व्ही६ला ०.४५. ईएल३४चा अ‍ॅम्प्लिफायर ६एल६जीसीचा हीटर सहज पेलतो, उलट दिशेनं जाताना मात्र ट्रान्सफॉर्मर आधी बघावा लागतो.

दुसरी पायरी एक नंबरची पिन. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे करंट जातो आणि मधल्या जाळ्या, म्हणजे ग्रिड, त्याला आवरतात. ईएल३४ खरा पेंटोड, म्हणजे अशा तीन जाळ्यांचा व्हॉल्व्ह, आहे. त्याची सप्रेसर ग्रिड १ नंबरच्या पिनेवर वेगळी काढलेली असते आणि ती कॅथोडला, म्हणजे ८ नंबरला, जोडावी लागते. ६एल६ आणि केटी८८ बीम टेट्रोड. त्यांच्या बीम प्लेट आतूनच कॅथोडला जोडलेल्या असतात, त्यामुळे फक्त त्यांच्यासाठी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये १ नंबरची पिन मोकळी सोडलेली असू शकते, किंवा कुणीतरी तिच्यावर भलतीच वायर टेकवलेली असते. तिथे ईएल३४ लावाल, तर सप्रेसर अधांतरी राहील. १ आणि ८च्या मध्ये वायरचा छोटा तुकडा सोल्डर केला की काम झालं, पण आधी १ नंबरवर दुसरं काही जोडलेलं नाही ना, हे बघायचं.

यापुढची पायरी मी सगळ्यात जास्त वेळ देऊन करते, ती बायसची, म्हणजे व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा हे ठरवणाऱ्या ग्रिडच्या उणे व्होल्टेजची.

अ‍ॅम्प्लिफायरचा बायस दोन तऱ्हांनी दिलेला असतो. एकात कॅथोडखाली रेझिस्टर असतो आणि व्हॉल्व्ह स्वतःचा बायस स्वतः तयार करतो. व्हॉल्व्ह जास्त करंट ओढायला लागला की रेझिस्टरवरचा व्होल्टेज वाढतो आणि तोच त्याला आवरतो. असा अ‍ॅम्प्लिफायर नव्या व्हॉल्व्हला बराच सांभाळून घेतो. दुसऱ्यात वेगळ्या सप्लायमधून ग्रिडला उणे व्होल्टेज दिलेला असतो. त्याला फिक्स्ड बायस म्हणतात, आणि नावात फिक्स्ड असलं तरी प्रत्येक नव्या व्हॉल्व्हला तो नव्यानं लावावा लागतो. ईएल३४ला ४३० व्होल्टवर उणे ३५ ते ३८ पुरतात. केटी८८ला उणे पन्नास-साठ लागतात. ईएल३४च्या अ‍ॅम्प्लिफायरचा बायस प्रीसेट (बायस लावायचा छोटा स्क्रू) पूर्ण फिरवूनही उणे ४२च्या पुढे जात नसेल, तर त्यात केटी८८ कधीच थंड राहणार नाही.

म्हणून व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी ही चाचणी करा. पॉवर व्हॉल्व्ह सगळे काढा, स्पीकर जोडलेला ठेवा, अ‍ॅम्प्लिफायर थोडा वेळ चालू करा आणि प्रत्येक ऑक्टल सॉकेटच्या ५ नंबरच्या, म्हणजे ग्रिडच्या, पिनेवर डीसी मोजा. थोडाच वेळ, कारण लोड नसल्यानं एचटी वर चढते आणि कपॅसिटरवर ताण येतो. प्रीसेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून दोन्ही आकडे वहीत लिहा. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर कोणता व्हॉल्व्ह पेलेल, हे त्या दोन आकड्यांमधूनच कळतं.

याच चाचणीत दुसरंही एक दुखणं सापडतं. एका सॉकेटवर उणे ४० आणि शेजारच्यावर उणे ३१ दिसत असेल, तर आधीच्या, म्हणजे ड्रायव्हर व्हॉल्व्हच्या, स्टेजला जोडणारा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे आणि ड्रायव्हरच्या प्लेटचा पॉझिटिव्ह व्होल्टेज ग्रिडवर येतो आहे. कॅथोड बायसच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये या पिनेवर शून्य हवं; तिथे अर्धा-एक व्होल्ट पॉझिटिव्ह दिसला, तरी कपॅसिटर बदला. जुने कागदी कपॅसिटर मुंबईच्या दमट हवेत हमखास गळतात. मी अशी माणसं पाहिली आहेत, ज्यांनी 'व्हॉल्व्ह खराब निघाले' म्हणून तीन-तीन जोड्या बदलल्या. दोष वीस रुपयांच्या कपॅसिटरचा होता.

ग्रिडपासून जमिनीला किंवा बायस सप्लायला जाणारा रेझिस्टरही बघा. ईएल३४ला फिक्स्ड बायसमध्ये ५०० किलोओहमपर्यंत परवानगी आहे. ६एल६जीसीला १०० किलोओहमच. केटी८८ला २२०, आणि जोरात चालवायचा असेल तर १००. ६५५०ला फक्त ५०. ईएल३४च्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ४७० किलोओहम असतील आणि त्यात तुम्ही ६५५० लावलात, तर व्हॉल्व्ह तापल्यावर ग्रिडमधून वाहणारा सूक्ष्म करंट त्या मोठ्या रेझिस्टरवर बायस खाऊन टाकतो, करंट वाढतो, व्हॉल्व्ह आणखी तापतो. अर्धा तास सगळं छान चालतं आणि मग प्लेट लाल होते. मी खोलीतला दिवा बंद करून हे पाहिलेलं आहे: आधी करड्या प्लेटच्या मधोमध, जोडाच्या रेघेजवळ, कुंकवाच्या बोटाएवढा मंद डाग उमटतो, आणि मिनिटभरात तो खाली-वर पसरत जातो. तो डाग दिसला की विचार करत बसायचं नाही, बटण बंद करायचं.

आता आकडेमोड. प्लेट किती वॅट उष्णता सहन करते हे प्रत्येक व्हॉल्व्हचं ठरलेलं असतं: ईएल८४ला १२, ईएल३४ला २५, ६एल६जीसीला ३०, केटी८८ला ३५. फिक्स्ड बायसच्या पुश-पुल (व्हॉल्व्ह जोडीनं, आळीपाळीनं काम करतात अशा) अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सिग्नल नसताना मी त्याच्या सत्तर टक्क्यांवर थांबते. ४३० व्होल्टवर ईएल३४ असेल, तर २५ भागिले ४३० म्हणजे ५८ मिलिअँपिअर, त्याचे सत्तर टक्के ४०. त्याच व्होल्टेजला ६एल६जीसी ४८च्या आसपास येतो. करंट मोजायला प्रत्येक कॅथोडखाली १ ओहमचा रेझिस्टर कायमचा सोल्डर करून टाका, मग मीटरवरचे मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँपिअर. यात स्क्रीनचा, म्हणजे मधल्या एका जाळीचा, करंटही धरलेला असतो, म्हणून प्लेटचा खरा आकडा थोडा कमी असतो. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूची असते.

कॅथोड बायसला सत्तर टक्क्यांचा नियम लावू नका, ते अ‍ॅम्प्लिफायर मुळातच गरम चालवायचे असतात. मलर्ड या ब्रिटिश कंपनीच्या ५-२० आराखड्यावर बांधलेला एक अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे नेहमी येतो, दोन ईएल३४, प्रत्येकी ४७० ओहमचा कॅथोड रेझिस्टर. त्यावर मी २९.६ व्होल्ट मोजले. म्हणजे ६३ मिलिअँपिअर, त्यातले अंदाजे ८ स्क्रीनचे, उरले ५५. प्लेट ते कॅथोड ४१० व्होल्ट. गुणाकार साडेबावीस वॅट. पंचवीसच्या आत आहे आणि तो असाच चालायला हवा. अशा ठिकाणी दणकट बांधणीचे ईएल३४च घ्यावेत, कमकुवत घेतले तर वर्ष-दीड वर्षात आवाज मळकट होतो.

ईएल८४बद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. मर्यादा ३०० व्होल्टची, पण बरेच जुने अ‍ॅम्प्लिफायर त्याला सव्वातीनशे-साडेतीनशे देतात. पूर्वी बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईएल८४ सगळीकडे मिळायचे आणि ते बराच मार सहन करायचे. आज नवे लावायचे असतील आणि प्लेटवर ३२०च्या वर दिसत असेल, तर ७१८९ किंवा रशियन ६पी१४पी-ईव्ही शोधा. ७१८९ची मर्यादा ४०० व्होल्टची आहे.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे लोक शेवटी बघतात, खरं तर तोच मालक आहे. उदाहरणाला ईएल३४च घ्या. मलर्डच्या ५-२०मध्ये त्याला ट्रान्सफॉर्मरकडून दिसणारा लोड प्लेट ते प्लेट ६.६ किलोओहम, आणि ताकद २० वॅट. १९५९च्या डायनाको स्टिरिओ ७०मध्ये ४.३ किलोओहम आणि चॅनलला ३५ वॅट. ट्रायोड जोडणी केली (स्क्रीन प्लेटला जोडली) की लोड आणखी वर जातो. अभियंते विल्यमसन यांनी १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात दिलेल्या १५ वॅटच्या आराखड्यात केटी६६ ट्रायोड म्हणून जोडलेले आहेत आणि लोड १० किलोओहम आहे. ईएल८४ आणि ६व्ही६च्या जोडीला साधारण ८ किलोओहम. तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर काही लिहिलेलं नसेल, तर त्याच्या सगळ्या वायरी सर्किटमधून सोडवून घ्या. छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून ६ व्होल्ट एसी सेकंडरीच्या (स्पीकरकडच्या वाइंडिंगच्या) ८ ओहमच्या टॅपवर द्या आणि प्रायमरीच्या दोन टोकांवर मोजा. तिथे शे-दोनशे व्होल्ट येतात, तेव्हा हात लांब. भागाकार ३१.६ आला तर त्याचा वर्ग हजार, हजार गुणिले आठ म्हणजे ८ किलोओहम. आठ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या टॅपवर लावला, तर हाच लोड दुप्पट होतो. ४ किलोओहमच्या ट्रान्सफॉर्मरवर ईएल८४ चालवायचे असतील, तर एवढं पुरतं. ताकद पूर्ण मिळेलच असं नाही, पण व्हॉल्व्ह सुखात राहतात.

सिंगल-एंडेड, म्हणजे जोडीशिवाय एकट्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या, ट्रायोडवाल्यांसाठी एकच, पण महत्त्वाची सूचना. २ए३ आणि ३००बी एकाच चार पिनी सॉकेटमध्ये बसतात. २ए३चा फिलामेंट अडीच व्होल्टचा आहे, ३००बीचा पाच व्होल्टचा. ३००बीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये २ए३ खोचला की फिलामेंट गेलाच म्हणून समजा. शिवाय ३००बीच्या ग्रिडला पूर्ण आवाजासाठी साठ-सत्तर व्होल्टचा झोका लागतो. ईएल८४ला हलवणारा ड्रायव्हर तिथे अर्ध्यात दमतो.

मॅच्ड पेअर, म्हणजे सारखा करंट ओढणारी जोडी, किती महत्त्वाची, हे मला नेहमी विचारतात. ते अ‍ॅम्प्लिफायरवर अवलंबून आहे. प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळा बायस प्रीसेट असेल, तर थोडाफार फरक तुम्ही स्वतः मिटवू शकता. स्टिरिओ ७०मध्ये एका चॅनलच्या दोन व्हॉल्व्हना मिळून एकच प्रीसेट आणि मोजायला १५.६ ओहमचा सामाईक रेझिस्टर आहे. त्यावर १.५६ व्होल्ट लावायचे, म्हणजे दोघांचे मिळून १०० मिलिअँपिअर. मीटरवर १.५६ बरोबर दिसत होता, तरी एका गृहस्थांच्या उजव्या चॅनलचा बास पोकळ वाजत होता. मी दोन्ही कॅथोडखाली वेगवेगळे १० ओहम घालून बघितले. एकावर ०.६२ व्होल्ट, दुसऱ्यावर ०.३८. एक व्हॉल्व्ह ६२ मिलिअँपिअर ओढत होता, दुसरा ३८, आणि बेरीज मात्र शंभर! उरलेला २४चा फरक आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला एका बाजूनं चुंबकत ठेवत होता, म्हणून खालचे सूर क्षीण झाले होते. अशा अ‍ॅम्प्लिफायरला मॅच्ड जोडीच लागते. चारही व्हॉल्व्ह एकसारखे असण्याची मात्र गरज नाही. दोन चॅनलना दोन वेगळे प्रीसेट असतील, तर दोन जोड्या घ्या, चारांचा महागडा क्वाड नको. डब्यावर लिहिलेल्या मिलिअँपिअरची तुलना एकाच विक्रेत्याच्या एकाच लॉटमध्ये करायची, कारण मोजायचा व्होल्टेज प्रत्येकाचा वेगळा असतो.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सिरॅमिक सॉकेट, रेझिस्टर, कपॅसिटर सगळं मिळतं, नवे पॉवर व्हॉल्व्ह बहुतेक वेळा मागवावेच लागतात. शुक्रवारी सकाळी लवकर चोर बाजारात मटन स्ट्रीटला गेलात, तर जुने व्हॉल्व्ह दिसतील. काचेच्या आत वर किंवा बाजूला चंदेरी आरसा दिसतो, तो गेटर. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, हातातला व्हॉल्व्ह खाली ठेवा. बेस काचेपासून हलतो का बघा. खिशात छोटा मीटर असू द्या. हीटरच्या पिनांवर थंड असताना दोन-तीन ओहम किंवा त्याहून कमी दाखवायला हवं. काचेवरची छपाई बोटानं पुसून बघू नका, जुनी शाई सहज जाते आणि मग तो व्हॉल्व्ह कोणता, हे कुणालाच सांगता येत नाही.

घरी आणल्यावर आधी सॉकेट साफ करा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पिना काळ्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश घ्या, सैल पकडी टाचणीनं हलकेच आवळा. बायस जास्तीत जास्त उणे करून ठेवा, मगच व्हॉल्व्ह बसवा. पहिल्यांदा शंभर वॅटच्या सिरीज बल्बवर (मेन्सच्या वायरीत ओळीनं जोडलेल्या बल्बवर) सुरू करा. बल्ब लख्ख पेटला आणि मंदावला नाही, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. मंदावला तर बंद करून थेट मेन्सला लावा आणि दहा मिनिटांनी बायस हळूहळू वर आणा. प्रीसेट फिरवला की व्होल्टेज बदलतो, म्हणून एकदा या व्हॉल्व्हला, एकदा त्या, असं दोन-तीन फेऱ्या करा. तासाभरानं पुन्हा. काचेच्या आतल्या बाजूला निळी झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी असते. जांभळट गुलाबी धूर प्लेटच्या आत दिसला, तर आत वायू आहे, व्हॉल्व्ह काढा.

चिंचपोकळीच्या मुलाला खरं तर आवाजात दम हवा होता. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं: ३५ वॅटचे ५० केले तरी फरक दीड डेसिबलचा. स्पीकर ३ डेसिबल जास्त संवेदनशील घेतला, तर ताकद दुप्पट केल्यासारखं होतं. त्यानं केटी८८ डब्यात ठेवले. आम्ही नवे ६एल६जीसी लावले, प्लेटवर ४२८ व्होल्ट, प्रत्येकी ४६ मिलिअँपिअर. दोन तासांनी ट्रान्सफॉर्मरवर तळहात टेकवून ठेवता येत होता. मग किशोरीताई आमोणकरांची एक एलपी लावली आणि पोरगा जमिनीवर मांडी घालून पूर्ण बाजू ऐकत बसला.

खालच्या झाकणाच्या आत मी एक कागद चिकटवला: तारीख, मेन्स व्होल्टेज, चार सॉकेटचे चार आकडे. महिन्याभरानं तो पुन्हा आला तेव्हा तिसऱ्या सॉकेटचा आकडा ४६चा ५० झाला होता. नवे व्हॉल्व्ह पहिल्या शंभर तासांत असे सरकतात. प्रीसेट किंचित मागे घेतला आणि नवा आकडा तारखेसकट त्याच कागदावर खाली लिहिला.